सरकारी लाभ आणि मजुरीची इच्छा (ग्रामीण विदर्भ)

सरकारकडून राशन नाहीतर पैसे मिळायला लागले की माणूस काम कमी करतो का, हा अर्थशास्त्रातला जुना वाद. विदर्भात तो दरवर्षी कापूस वेचणीच्या टायमाला निघतो, कास्तकार म्हणतात फुकटच्या राशनमुळे मजूर भेटत नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, घरात आयता पैसा आला की थोडा आराम परवडतो. दुसरी, कमाई वाढली की लाभ कापला जातो, मग जास्त राबून हातात काय उरणार. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाची योजना आहे, तिच्यात कमाईच्या प्रत्येक पौंडामागे (काहींना ठरावीक कमाईच्या वर गेल्यावर) लाभातून 55 पेन्स कापतात. इकडं वेचणीची मजुरी किलोवर, निंदणाची रोजानं, अन् दोन्ही बहुतेक रोख, तिची नोंद कुठं राहत नाही, त्यामुळं बाई चार दिवस जास्त वावरात गेली म्हणून कंट्रोलमधले गहू-तांदूळ काही कमी होत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला 1500 रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे (दिव्यांगांसाठी रक्कम अन् मर्यादा दोन्ही जास्त आहेत), म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नाही! अशा मर्यादेनं काम थांबत नाही, फक्त दाखल्यावरचं उत्पन्न कमी राहतं.

आता आरामाचं. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य, 2023 पासून फुकट. रोजचे साधारण 165 ग्राम, त्यात उन्हात राबणाऱ्याचं एक टायमाचं जेवण होईल. लाडकी बहीणचे 1500 म्हणजे दिवसाचे 50 रुपये. तेल, दवाखाना, पोराची फी यातून निघत नाही, म्हणून तर राशनकार्ड असूनही गडचिरोली-चंद्रपूरची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. अर्थशास्त्रज्ञ अभिजीत बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजना तपासल्या, त्यांनाही लोक काम सोडतात असं दिसलं नाही.

बदलतो तो मजुरीचा भाव. घरात धान्य असलं की पावसाळ्यात कास्तकाराकडून उचल घ्यायची अन् हंगामात ती कमी रोजीनं फेडायची, ही गरज घटते, मग मजूर पडेल त्या दराला हो म्हणत नाही. रोजगार हमीचंही तेच (राज्याचा कायदा 1977 ला आला, केंद्राचा 2005 ला), तिथं बाई-माणसाला सारखा दर, वावरात मात्र बाईची रोजी अजूनही कमी.

कास्तकाराचंही सगळं खोटं नाही. साऱ्यांचा कापूस एकाच वेळी फुटतो, वेचणी हातानंच होते, जवान पोरं नागपूर-पुण्याकडं गेलेली, अन् दर वाढवून द्यावा तर मध्यम धाग्याच्या कापसाचा 2024-25 चा हमीभावच क्विंटलला 7,121 रुपये होता.