स्प्रिंग किती ताणायची?

घरी भूकंपमापक करायचा म्हटलं की बहुतेकांचा जीव सर्किटात अडकतो. अॅम्प्लिफायर, संगणकाला जोडणी वगैरे. ते सगळं आज तयार मिळतं. डोकं खाते ती स्प्रिंग.

तत्त्व सोपं आहे. स्प्रिंगला वजन टांगायचं. जमीन वरखाली हलली तरी वजन जडत्वामुळे जागीच राहू पाहतं. वजनाला चुंबक लावून तो तारेच्या वेटोळ्यात सोडला की या हालचालीची वीज होते. अट एवढीच, की स्प्रिंगची स्वतःची आंदोलनं जमिनीच्या लाटेपेक्षा संथ हवीत. इथे गुरुत्वाकर्षण आडवं येतं. वजनाने स्प्रिंग जितकी ताणली जाईल तितका आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, मोठा: १ सेकंदासाठी २५ सेंटीमीटर ताण, २ सेकंदांसाठी १ मीटर. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलाटा २० सेकंदांच्या आसपास असतात, त्यांना १०० मीटर ताण लागेल. आमच्या बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याचा मनोराही अपुरा पडावा!

मुलांच्या खेळण्यातली रंगीत स्प्रिंग स्वस्त आणि मऊ असते, म्हणून पहिला हात तिच्याकडे जातो. पण प्लॅस्टिक भाराखाली रोज थोडं थोडं लांबतच राहतं. रावपुऱ्यातल्या घरी जिन्याखाली मी ती टांगली, तेव्हा चुंबक हळूहळू वेटोळ्यातून खाली उतरत गेला. पोलादी स्प्रिंग बरी, फक्त तिचे वेढेच आपापसात थरथरत राहतात. साधी टिचकी मारली तरी वरून खाली लाट धावताना दिसते.

लांबीचा हा तिढा १९३० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात ल्युसियन लाकोस्ट या विद्यार्थ्याने सोडवला. बिजागरीवरची आडवी दांडी, तिच्या टोकाला वजन आणि खांबाच्या माथ्यापासून दांडीपर्यंत तिरपी स्प्रिंग. दांडी खाली गेली की स्प्रिंगची ओढ वाढते, पण त्या ओढीचा तरफेवरचा हात, म्हणजे बिजागरीपासूनचं तिचं अंतर, तितकाच कमी होतो. स्प्रिंगचा जोर तिच्या पूर्ण लांबीच्या प्रमाणात असेल, तर दांडी कुठेही तोललेली राहते आणि आवर्तकाल हवा तितका वाढवता येतो. अशी स्प्रिंग गुंडाळतानाच तारेला पीळ देऊन वेढे एकमेकांवर घट्ट दाबलेले ठेवावे लागतात. जाळीच्या दाराच्या स्प्रिंगेत हा दाब थोडासा असतो. तेवढ्यावरही बरंच साधतं, पण स्प्रिंग अडकवलेला खिळा मिलिमीटरभर सरकला की दांडी एका बाजूला कोसळते.

मला सर्वात भावलं ते हॅक्सॉचं पातं. कमानीसारखं वाकवून तेच स्प्रिंग म्हणून वापरायचं. वेढेच नाहीत, त्यामुळे ती थरथर नाही. लवचीक पाठीचं पातं घ्यावं, पूर्ण कडक असलेलं काडकन मोडतं. विलांट आणि श्ट्रेकआयझेन यांनी पट्टीच्या स्प्रिंगवरच अतिशय संवेदनशील भूकंपमापक उभा केला.

तापमानाचं दुखणं मात्र पोलादाच्या हाडातच आहे. दर अंशाला त्याचा ताठपणा साधारण एक हजारांशाच्या पावभागाने कमी होतो. २५ सेंटीमीटर ताणलेली स्प्रिंग तेवढ्याने ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली येते. दूरचा ६ तीव्रतेचा भूकंप जमीन हलवतो काही मायक्रॉन, फार तर दहावीस. बडोद्यातल्या मे महिन्यात दिवसरात्रीचा फरक दहा अंशांच्या पुढे सहज जातो, तेव्हा थर्माकोलचा डबा हवाच. निकेल आणि क्रोमियम घातलेलं एलिनव्हार पोलाद हे दुखणं जवळजवळ बरं करतं. निकेल पोलादांवरच्या संशोधनासाठी शार्ल गियोम यांना १९२० चं नोबेल मिळालं होतं. पण तसली तार आपल्याला कोण देणार?

आणि डॅम्पिंग, म्हणजे हेलकावा शमवणं, विसरू नये. दोन चुंबकांच्या फटीत तांब्याची पट्टी सोडली की पट्टीत भोवरी प्रवाह निर्माण होऊन हेलकावा लगेच मरतो. नाहीतर रस्त्यावरून गेलेल्या एका ट्रकची नोंद मिनिटभर चालते.

बडोद्यात मला आवर्तकाल फार ताणावासा वाटत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की त्याचा पाच-आठ सेकंदांचा अखंड कंप संथ यंत्रात भरून राहतो. कच्छमध्ये अजूनही लहानमोठे धक्के बसतात. त्यांच्या लाटा तीनशे किलोमीटर ओलांडून इथे येतात तेव्हा बऱ्याचशा एक सेकंदाच्या आतबाहेरच्या असतात. पात्याला तेवढं जमतं.