सोपारा: धम्मयात्रेचा लेख जिथे सापडला

बुद्धपौर्णिमेला नालासोपाऱ्याच्या स्तूपावर मुंबईचे उपासक जमतात. समोर असतो विटांचा उंचवटा. गावात त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला प्रश्न पडतो, एवढ्यासाठी यायचं?

हे प्राचीन शूर्पारक बंदर, पाली ग्रंथांतलं सुप्पारक. बौद्ध परंपरेनुसार इथला व्यापारी पूर्ण श्रावस्तीला बुद्धांचा भिक्खू झाला आणि धम्म सांगायला परत आपल्या मुलखात निघाला. लोकांनी हाताने मारलं तर? बुद्धांनी विचारलं. तो म्हणाला, दगडाने मारलं नाही, म्हणून त्यांना भलेच म्हणेन. या बंदराचं नाव नाशिकच्या लेण्यातल्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात आहे, कान्हेरीच्या दानलेखांतही आहे.

एप्रिल 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा कोट खणला. मधोमध दगडी पेटी निघाली. आत सात मानुषी बुद्ध (गौतम बुद्ध आणि त्यांच्या आधीचे सहा) आणि भावी बुद्ध मैत्रेय अशा आठ कांस्यमूर्ती, आणि तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं असे एकात एक करंडक. सोन्याची फुलं आणि सगळ्यात आत मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे, असं पंडितजींचं मत. पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे दुसरं शतक. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. माझ्या मते याचा अर्थ, इथली पूजा कैक शतकं चालू होती.

त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शब्द मोजकेच उरलेले, पण गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींमुळे मजकूर कळतो: पूर्वीचे राजे शिकारीच्या सफरींवर निघत, आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यातल्या लोकांशी धम्माची चर्चा. अशोकाचे इतके लेख असताना नेमका यात्रेचा लेख इथे हाती लागावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावला 1956 साली मिळाला. नागपूरची धम्मदीक्षा त्याच वर्षाची.

स्तूपातला ठेवा मात्र फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच्या निदान प्रतिकृती तरी स्तूपाशेजारी मांडायला हव्यात. लोक श्रद्धेने येतात ते तिथेच.