मेल्यावरच भेटणारा देवमासा

१८५३ साली विशाखापट्टणमजवळच्या वाल्टेरला डॉल्फिनएवढा एक नकटा प्राणी वॉल्टर इलियट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती लागला. हे इलियट त्याआधी धारवाडकडे नोकरीला होते. त्या वेळी ज्याला ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत, तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी १८३९ मध्ये छापली होती, म्हणजे जनावर दिसलं की टिपून ठेवायची सवय जुनीच. त्यांनी जमवलेल्या सामग्रीवरून लंडनमध्ये शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८६६ साली या प्राण्याचं वर्णन केलं आणि त्याच्या नावात ‘सिमा’ हा शब्द घातला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नकटा.

त्याचा थोडा मोठा भाऊ शास्त्राला १८३८ पासून ठाऊक होता, तोही केप ऑफ गुड होपहून आलेल्या एका कवटीवरून. पुढे बराच काळ दोघं एकच समजले गेले. ही दोन वेगळी जनावरं आहेत, हे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स हँडली यांनी १९६६ साली नीट मांडलं. आज मोठ्याला पिग्मी स्पर्म व्हेल आणि धाकट्याला ड्वार्फ स्पर्म व्हेल म्हणतात. दोघांचं घराणं कोगिया. मोठा जेमतेम साडेतीन मीटर भरतो, वजन चारशे किलोच्या आसपास. धाकटा पावणेतीन मीटरच्या आतबाहेर. खऱ्या स्पर्म व्हेलचा नर सोळा मीटरचा असतो, त्याच्यापुढे ही पोरंच.

शंभर वर्षं हा घोळ चालला, यात नवल नाही. कोगिया पाण्यात दिसतच नाही. श्वास घ्यायला वर येतो तो हळूच, कारंजं जवळपास दिसत नाही, लाकडाच्या ओंडक्यासारखा काही वेळ निश्चल तरंगतो आणि शेपूट वर न उचलता तसाच खाली बुडतो. समुद्र आरशासारखा शांत असेल तरच नजरेला पडायचा. त्यामुळे त्याच्याबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं बरंचसं किनाऱ्याला लागलेल्या मढ्यांनी सांगितलं.

असं एखादं शव वाळूवर पडलेलं असतं, तेव्हा पहिल्यांदा वाटतं, ही तर मुशी, म्हणजे छोटा शार्क! कोळणीच्या टोपलीतल्या मुशीसारखंच तोंड खाली, थोबाडाच्या मागे. डोळ्यामागे फिकट चंद्रकोरीसारखा पट्टा, अगदी माशाचा कल्लाच. पण हा कल्ला नुसता रंगवलेला. देवमासा मासा नव्हे, त्याला फुप्फुसं असतात. खालच्या जबड्यात सुईसारखे बारीक, आत वळलेले दात. दाताचा उभा छेद घेतला की झाडाच्या खोडातल्यासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय मोजतात. पोट उघडलं की माकुलांच्या (स्क्विडच्या) चोचींचा ढीग निघतो. माकुलाचं मांस पचून जातं, चोच कायटिन या कठीण पदार्थाची म्हणून उरते. तिच्या आकारावरून कुठल्या जातीचं, केवढं माकूल खाल्लं हे सांगता येतं. कधी त्या चोचींमध्ये प्लास्टिकची पिशवीही असते.

आणि आतड्याच्या शेवटाकडे एक फुगवटा, काळसर तांबड्या दाट द्रवानं भरलेला. घाबरला की कोगिया तो पाण्यात सोडतो आणि त्या ढगाआड निसटतो. हा द्रव बारा लिटरपर्यंत असू शकतो, म्हणजे बादलीभर. माकूल खाणाऱ्यानं शाई सोडून पळायची माकुलाचीच युक्ती उचलावी, ही गंमतच. (जाता जाता: मराठी बातम्यांत ‘व्हेलची उलटी’ म्हणून गाजणारा अंबरग्रीसही थोरल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यातच तयार होतो. उलटी हा शब्द आपण उगाच चिकटवून ठेवलाय.)

लपण्याची हौस आवाजातही आहे. देवमासे टकटक आवाज करून प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात. एका किनाऱ्याला लागलेल्या पिग्मी स्पर्म व्हेलच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद मोजला गेला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. हा प्राणी ९० ते १५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चांगलं ऐकतो, असं त्यातून दिसलं. त्याचे स्वतःचे आवाज १३० किलोहर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान २० ला संपतो. महत्त्वाचं म्हणजे ऑर्का, म्हणजे देवमाशांची शिकार करणारा देवमासा, साधारण १०० च्या वर फारसं ऐकत नाही. शिकाऱ्याच्या कानाच्या वरच्या मजल्यावर कोगिया बोलतो.

असं बोलणारा तो एकटा नाही. आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ वावरणारा, पाठीवर पर नसलेला फिनलेस पॉरपॉइजही जवळपास याच सुरात टकटक करतो. दोघांचं नातं दूरचं, तरी दोघं स्वतंत्रपणे त्याच युक्तीपाशी पोचले. ऑर्काच्या धाकानं हे घडलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

शास्त्रज्ञांची पंचाईत मात्र वाढली. १३० किलोहर्ट्झचा आवाज पकडायचा तर सेकंदाला किमान २,६०,००० नमुने नोंदवावे लागतात. सीडीवरच्या गाण्याला ४४,१०० पुरतात. पाण्याखालची बरीच यंत्रं २,६०,००० हून कमी वेगाची होती, त्यामुळे कोगिया शेजारून गेला तरी त्याचा मूळ सूर नोंदीत उतरत नसे. शिवाय इतका उंच सूर पाण्यात लवकर विरतो, म्हणून प्राणी यंत्राच्या जवळपास हवाच.

जिवंत कोगिया लोकांना जवळून दिसला, तोही बहुधा संकटात. न्यूझीलंडमधल्या माहिया इथे मार्च २००८ मध्ये एक मादी आणि तिचं पिल्लू वाळूच्या दांड्यामागे अडकलं. माणसांनी पुन्हा पुन्हा पाण्यात ढकललं, ती पुन्हा पुन्हा किनाऱ्याला लागली. दीड तासानं लोक हात टेकायच्या बेतात होते, तेव्हा तिथला ओळखीचा डॉल्फिन, मोको, आला. दोघांच्या जवळ गेला. काही अंतर त्यांना किनाऱ्यालगत नेलं आणि एका अरुंद वाटेनं दांड्याबाहेर काढलं. मोको त्यानंतर लोकांशी खेळायला माहियाला परत आला. मायलेकरं खोल पाण्यात निघून गेली, ती पुन्हा दिसली नाहीत.