निष्कास ध्वनीतील फेरबदल (स्पोर्ट्स कार)

स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज अधिक मोठा, भरदार किंवा तीक्ष्ण व्हावा म्हणून निष्कास मार्गातील नळ्या, सायलेन्सर वा झडपा बदलण्याची पद्धत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (निष्कासातील विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचे सर्व सुटे भाग बदलले तर त्यास ‘कॅट-बॅक’ आणि फक्त मागच्या ॲक्सलनंतरचा डबा बदलला तर ‘ॲक्सल-बॅक’ म्हणतात. कन्व्हर्टरच काढून टाकणे हा ध्वनीपेक्षा प्रदूषणाचा प्रश्न असून बहुतेक देशांत तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्याचा विचार येथे केलेला नाही.

उगम : मुळात सायलेन्सरचा जनक कोण, यावर एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस येथील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंना हा मान देतात. इंजिनाच्या निष्कासाचा आवाज कमी करणाऱ्या साधनाचे पेटंट त्यांना १८९७ मध्ये मिळाले. हायरम पर्सी मॅक्झिम यांचेही नाव घेतले जाते. परंतु त्यांचे १९०९ चे पेटंट बंदुकीच्या सायलेन्सरचे आहे आणि त्यांची कंपनी इंजिनांकडे वळली ती नंतर, त्यामुळे हा दावा टिकत नाही. कारखान्यांतील स्थिर गॅस इंजिनांच्या निष्कासावर बिडाचे भांडे बसवण्याचा प्रघात या दोहोंच्याही आधीचा दिसतो. रीव्ह्‌ज बंधूंना पेटंटाचे श्रेय द्यावे, कल्पनेचे नव्हे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

आवाज दाबण्याची सोय रुळते न रुळते तोच तिला बगल देण्याचीही सोय झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मोटारींत ‘कटआउट’ नावाची झडप असे. चालकाने ती उघडली की वायू सायलेन्सर टाळून थेट बाहेर पडत. चढावर इंजिनाला जोर मिळावा, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. सपाट रस्त्यावर, भर वस्तीतही ती उघडी राही हे लक्षात घेता ते पूर्णतः खरे मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास या हौसेला दोन ठिकाणी धंद्याचे रूप आले. कॅलिफोर्नियातील हॉट-रॉड (जुन्या गाड्या फेरबदलून वेगवान करणाऱ्या) मंडळींत ‘ग्लासपॅक’ लोकप्रिय झाला : आरपार सरळ जाणारी छिद्रित नळी, तिच्याभोवती काचतंतूंचे वेष्टण आणि बाहेर पत्र्याचे नळकांडे. इटलीत, मूळ व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो आबार्थ यांनी १९४९ मध्ये कंपनी काढली आणि ट्यूरिनमधून छोट्या फियाट गाड्यांसाठी निष्कास संच विकायला सुरुवात केली. शर्यतीच्या गाड्या बांधण्याचा खर्च बऱ्याच अंशी या सायलेन्सरांनीच भागवला, असे सांगितले जाते. फियाटने ही कंपनी १९७१ मध्ये घेतली. आता त्याच नावाच्या विजेवरील गाडीत पेट्रोल इंजिनाचा आवाज बाहेर ऐकवणारा स्पीकर बसवून मिळतो. कार्लो आबार्थ यांना काय वाटले असते कोण जाणे.

ध्वनीचे तंत्र : निष्कास झडप उघडली की सिलिंडरमधील दाबाखालचा तप्त वायू एका स्पंदाच्या रूपाने नळीत शिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटत असल्याने दर सेकंदाच्या फेऱ्यांना सिलिंडरच्या निम्म्या संख्येने गुणले की आवाजाची मुख्य कंप्रता (सेकंदाला होणारी कंपने) मिळते. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल तर ती ३०० हर्ट्‌झ, आठ सिलिंडरचे असेल तर ४०० हर्ट्‌झ भरते. आवाजाचा पोत मात्र केवळ या संख्येवर ठरत नाही. तो स्पंदांमधील अंतरे समान आहेत की नाहीत यावर ठरतो.

व्ही-८ इंजिनात, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरप्या ओळींच्या इंजिनात, हे स्पष्ट दिसते. कॉर्व्हेट वा मस्टँग या अमेरिकी गाड्यांच्या परंपरेतील व्ही-८ चा क्रँकशाफ्ट ‘क्रॉस-प्लेन’ असतो. त्याच्या चार क्रँकपिना (पिस्टनांचे दांडे जोडण्याच्या खुंट्या) एकमेकींशी ९० अंशांत असतात. संपूर्ण इंजिन दर ९० अंशांना समान अंतराने पेटते, पण एका बाजूच्या चार सिलिंडरांपुरते पाहिले तर अंतरे ९०, १८०, २७० आणि १८० अंश अशी विषम पडतात. दोन्ही बाजूंच्या नळ्या स्वतंत्र असल्याने ही विषमता कानापर्यंत पोचते आणि परिचित घरघर ऐकू येते. फेरारीच्या ‘फ्लॅट-प्लेन’ क्रँकशाफ्टमध्ये प्रत्येक बाजू दर १८० अंशांना नेमाने पेटते, म्हणून आवाज उंच व किंचाळता. शेव्हरोलेने २०२३ च्या कॉर्व्हेट झी-०६ मध्ये ५.५ लिटरचे फ्लॅट-प्लेन इंजिन घातल्यावर त्याच नावाच्या गाडीचा आवाज पार बदलला. डावी-उजवी नळी इंग्रजी एच किंवा एक्सच्या आकाराने जोडली तर ही विषमता थोडी बोथट होते, एक्समध्ये अधिक. तरी सायलेन्सर आवाज घडवत नाही. इंजिनाने घडवलेल्या आवाजातले काय गाळायचे आणि काय सोडायचे एवढेच तो ठरवतो. कितीही महागडा संच बसवला तरी मस्टँगची फेरारी होत नाही, ती याच कारणाने.

गाळण्याचे प्रकार दोन. मूळ डब्यात बहुधा कप्पे असतात; तरंग त्यांच्या भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकांना छेद देतात. बाजारातील ‘स्ट्रेट-थ्रू’ डबा ग्लासपॅकच्याच तत्त्वावर चालतो. काचतंतू उच्च कंप्रता चांगल्या शोषतात, नीच कंप्रतांना मात्र फारसे जुमानत नाहीत. परिणामी हमरस्त्यावर ठरावीक वेगाला गाडीत सतत घुमणारा आवाज सुरू होतो. त्यास ‘ड्रोन’ म्हणतात, आणि नवा संच बसवलेल्यांची मुख्य तक्रार हीच असते. चार सिलिंडरचे इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना मुख्य कंप्रता १०० हर्ट्‌झ येते. ती मारण्यासाठी मुख्य नळीला एक बंद टोकाची नळी जोडतात. तिची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी हवी. सुमारे ३५० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला तर तरंगलांबी ५ मीटर, म्हणजे नळी सव्वा मीटरची. एवढी नळी गाडीखाली बसवणे सोपे नसते. ती वाकवून, मुख्य नळीला समांतर घ्यावी लागते. थंड हवेतील ३४० मीटरचा वेग धरून ती कापली तर ती आखूड पडते आणि ड्रोन तसाच राहतो.

शक्तीवाढीच्या दाव्यांकडे सावधपणे पाहावे लागते. ‘इंजिनाला थोडा उलट दाब (नळीत वायूला होणारा अडथळा) हवाच’ ही गॅरेजांतली समजूत शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. योग्य व्यासाच्या नळीत वायूचा वेग टिकतो आणि परतणारा ऋणदाबाचा तरंग सिलिंडर रिकामा होण्यास हातभार लावतो. अवाजवी रुंद नळीत हे दोन्ही लाभ कमी होतात. उलट दाब वाढल्याने फायदा होतो हा निष्कर्ष बहुधा यातूनच निघाला असावा. टर्बो इंजिनात निष्कास वायूंनी फिरणारे टर्बाइन स्वतःच स्पंद बोथट करते, म्हणून तेथे मागचा डबा बदलून आवाजात पडणारा फरक तुलनेने कमी. ॲक्सिलरेटर सोडताच उडणारे ‘फटाके’ हे तर पुष्कळदा नळीचे कामच नसते. ठिणगी उशिरा देऊन निष्कासात इंधन जाळण्याचा तो इंजिनाच्या संगणकातील नकाशा (आज्ञावली) असतो, आणि त्याची झळ कन्व्हर्टरला बसते.

कारखान्यांची भूमिका : ठरावीक भाराला वा वेगाला उघडणारी झडप कारखान्यांनी स्वीकारली, तेव्हा कटआउट नव्या रूपात परतला असे म्हणता येईल. २००६ च्या कॉर्व्हेट झी-०६ च्या मालकांनी संबंधित फ्यूज काढून झडपा कायम उघड्या ठेवण्याची युक्ती रूढ केली. सर्वांत स्वस्त फेरबदल बहुधा हाच. युरोपात २०१८ पासून कडक झालेल्या उत्सर्जन मर्यादांमुळे थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल गाड्यांना काजळीचे कण अडवणारी कणगाळणी बसू लागली आणि तिने मूळ आवाजही दबला.

नियमन : युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमावलीत सामान्य मोटारीची धावत्या चाचणीतील मर्यादा ७२ वरून टप्प्याटप्प्याने ६८ डेसिबलवर येते, टनामागे २०० किलोवॅटहून अधिक शक्तीच्या बुटक्या गाड्यांना ७२ पर्यंत सवलत आहे. कॅलिफोर्नियात बहुतेक मोटारींना ९५ डेसिबलची मर्यादा आहे. जपानमध्ये जुन्या नियमांखालील गाड्यांना उभ्या गाडीच्या चाचणीत ९६, मात्र इंजिन मागे असल्यास १०० डेसिबल चालतात. हे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. उभ्या गाडीच्या चाचणीत मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत धरतात. धावत्या चाचणीत तो कित्येक मीटर दूर असतो.

भारतात स्पोर्ट्स कार मोजक्याच. हा प्रकार लोकांना माहीत आहे तो बुलेटच्या ‘इंदोरी’ व ‘पंजाब’ सायलेन्सरांमुळे आणि पोलिसांनी जप्त सायलेन्सरांच्या रांगेवरून फिरवलेल्या रोडरोलरमुळे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक गाडीस सायलेन्सर आवश्यक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. ध्वनिमानकांचा भंग करून गाडी चालवल्यास कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.