फाळके संसार सोडून सिनेमाकडे गेले? छे!

नाशकात कुणी पोरगं 'नोकरी सोडतो, आवडीचं काम करतो' म्हणालं की घरातलं एखादं वडीलधारं दादासाहेब फाळक्यांचा दाखला काढतं. 'त्यांनी संसारावर पाणी सोडलं म्हणून जमलं. बायकापोरं असलेल्याचं ते काम नव्हे.'

हे साफ चूक आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले फाळके सिनेमाच्या मागे लागले तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि घर पोराबाळांनी भरलेलं होतं. त्यांनी घर सोडलं नाही, घरच कामाला लावलं. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं घरीच पाडावी लागत. ते किचकट काम त्यांची बायको सरस्वतीबाई अंधारात बसून करत. दिवसा पुन्हा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आहेच! मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) रोहिदास झाला, तर लेक मंदाकिनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण.

मात्र 'आवड असली की पैसा आपोआप येतो' हा उलटा समजही तितकाच पोकळ. विलायतेला जायला त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पुढे बाईंचे दागिनेही गेले. यश आलं, बिऱ्हाड नाशकात आलं, भागीदारीत कंपनी निघाली आणि भागीदारांशी खटकेही उडाले. बोलपट आल्यावर मूकपटांचा धंदा बसला. १९४४ साली नाशकातच ते गेले, तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं.

तेव्हा दाखला द्यायचाच तर रात्री भोकं पाडणाऱ्या सरस्वतीबाईंसकट द्या.