जर्नल_इन्फो नावाचा सामाईक खिसा

२०२४ साली सिझबॉट या स्वयंचलित चाचणी यंत्रणेने लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पाडलं. कोसळली ती ईएक्सटी-४ ही फाइलसिस्टिम, डिस्कवरच्या फाइली सांभाळणारा भाग. तिने स्वतःच्या जर्नलचं (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीचं) हँडल शोधायला चालू टास्कच्या, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या कामाच्या, 'जर्नल_इन्फो' या खिशात हात घातला. तिथे काहीतरी होतं, पण ते तिचं नव्हतं. त्या स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) सुरुवातीला 'टीआरएएन' ही चार अक्षरं होती आणि ती तर एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमच्या ट्रान्झॅक्शनची (एकगठ्ठा करायच्या कामाची) खूण!

घडलं होतं ते असं. एक्सएफएसने ट्रान्झॅक्शन उघडून तिचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जर्नल_इन्फोमध्ये ठेवला आणि मग ती युजरच्या मेमरीत माहिती लिहायला गेली. ती मेमरी ईएक्सटी-४ वरच्या एका फाइलची एममॅप केलेली, म्हणजे थेट मेमरीला जोडलेली, पानं होती. पान तयार नसल्याने पेज फॉल्ट झाला, ईएक्सटी-४ जागी झाली, खिसा भरलेला दिसला आणि तिने आपलीच ट्रान्झॅक्शन आधीपासून चालू आहे असं धरलं. खिसा टास्कचा, म्हणजे सगळ्यांचा. प्रत्येकीला मात्र तो आपला एकटीचा वाटत होता.

असा खिसा लागतोच का? फाइल वाचण्या-लिहिण्याचं काम एका दमात फाइलसिस्टिममध्ये होत नाही. ती सुरुवात करते, मधल्या सामाईक कोडला बोलावते आणि ते कोड तुकड्यातुकड्याने पुन्हा तिच्याच फंक्शनांना हाक मारतं. सुरुवातीला किती जागा राखून ठेवली, कुठलं लॉक घेतलं, हे त्या दुसऱ्या हाकेच्या वेळी ठाऊक असावं लागतं. मधल्या कोडला त्यातलं काही कळत नाही, कळूही नये. त्याने फक्त चिठ्ठी न उघडता पुढे द्यायची. पण फंक्शनच्या आर्ग्युमेंटांत, म्हणजे त्याला हाक मारताना सोबत देता येणाऱ्या गोष्टींत, चिठ्ठीला जागाच नसेल तर?

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, १९७५ साली, हा प्रश्न फारच सरळ सोडवला होता. 'रीडआय' आणि 'राइटआय' या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फंक्शनांना फक्त आयनोड (फाइलची नोंद) मिळे. कुठून वाचायचं, किती बाइट, कुठे ठेवायचं, हे सगळं चालू प्रोसेसच्या 'यू' स्ट्रक्चरमध्ये आधीच लिहून ठेवायचं. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या 'एक्झेक'ला नव्या प्रोग्रॅमचे पहिले ८ बाइट हवे असले तरी तो यू-मध्ये या किंमती भरे आणि मग रीडआयला बोलावे. छोट्या कर्नलमध्ये ते खपून गेलं. १९८३च्या ४.२बीएसडीमध्ये हे आकडे 'यूआयओ' या स्ट्रक्चरमध्ये बांधून हातोहात पुढे दिले जाऊ लागले.

लिनक्सने प्रत्येक थरात एकेक कोरी जागा सोडली. उघडलेल्या फाइलला 'प्रायव्हेट_डेटा'. २००१ अखेरीस कर्नलच्या २.५ मालिकेत आलेल्या 'बायो'ला (डिस्ककडे जाणाऱ्या वाचन-लेखनाच्या मागणीला) 'बीआय_प्रायव्हेट', म्हणजे काम संपल्यावर ज्याला हाक मारायची त्याच्यासाठी ठेवलेली चिठ्ठी. मेमरीच्या पानाला आधी 'बफर्स' हा ठरीव पॉइंटर होता. त्याच मालिकेत त्याचं नाव 'प्रायव्हेट' झालं, कारण सगळ्याच फाइलसिस्टिमना तिथे बफर ठेवायचे नव्हते. २.६.२४ मध्ये 'राइट_बिगिन' आणि 'राइट_एंड' ही जोडी आली ती 'एफएसडेटा' हा पॉइंटर घेऊनच. यातले बहुतेक 'व्हॉइड' पॉइंटर. आत नेमकं काय आहे ते कंपायलर विचारत नाही.

जिथे अशी जागा सुटली नव्हती, तिथे मात्र यू-चा जुना मार्ग परत आला. जर्नल_इन्फो मुळात जर्नल ठेवणाऱ्यांसाठी होतं. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमच्या डायरेक्ट आय/ओला (मधली साठवण टाळून थेट डिस्कशी होणाऱ्या वाचन-लेखनाला) राखीव जागेचा हिशेब आपल्या 'गेट_ब्लॉक' या फंक्शनपर्यंत पोचवायचा होता. मधल्या कोडमध्ये वाट नव्हती, म्हणून त्यांनी तो हिशेब जर्नल_इन्फोमध्ये कोंबला. आपण त्याचा गैरवापर करतो आहोत, हे त्यांनी तिथल्याच टिपणीत लिहूनही टाकलं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. कर्नलमधले बरेच खिसे तर कुणाला न सांगताच वापरले जातात.

सीफ या नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमने तर वाचनासाठीच तो खिसा धरला. २०१७ मध्ये समोर आलेल्या बिघाडाची गोष्ट २०२४ सारखीच: सीफ वाचून युजरच्या मेमरीत कॉपी करते, ते पान ईएक्सटी-४ चं निघतं आणि जर्नलच्या जागी सीफची खूण सापडते. पेज फॉल्टच्या वाटेवरच खिसा रिकामा करून नंतर पुन्हा भरावा, अशी सूचना आली होती. म्हणजे प्रत्येक फॉल्टला भुर्दंड, तोही इतरांच्या चुकीचा. शेवटी सीफनेच त्या खिशातून हात काढला आणि उघडलेल्या फाइलला जोडलेली स्वतःची यादी ठेवली. २०२४ च्या घटनेनंतर एक्सएफएसनेही तेच केलं: जर्नल_इन्फो वापरणंच सोडलं.

सरळ रस्ता म्हणजे मधल्या कोडचीच आर्ग्युमेंटं वाढवणं. एक्सएफएसमधून निघालेल्या 'आयोमॅप' या सामाईक मधल्या कोडमध्ये २०२२ साली क्रिस्टोफ हेलविग यांनी संपूर्ण फेरीभर टिकणारा प्रायव्हेट पॉइंटर घातला. गरज होती बीटीआरएफएसला, म्हणून तो आधी फक्त डायरेक्ट आय/ओपुरता जोडला. पुढे तो बफर्ड, म्हणजे आधी मेमरीत होणाऱ्या, लिखाणालाही मिळाला. आणि २०२५ मध्ये ६.१५ कर्नलात एक्सएफएसला झोन असलेल्या डिस्क (ज्यांच्या प्रत्येक भागात क्रमानेच लिहावं लागतं) हाताळता येऊ लागल्या, तेव्हा लिखाणाआधी राखून ठेवलेल्या जागेची माहिती याच वाटेने गेली. त्यासाठी 'पेज_एमकेराइट' (एममॅप केलेलं पान लिहिण्याजोगं करणं), शून्य भरणं आणि फाइलचं शेवटचं पान छाटणं या फंक्शनांनाही एकेक आर्ग्युमेंट वाढवावं लागलं, आणि त्यांना बोलावणाऱ्या बाकीच्या फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये त्या जागी 'नल' (रिकामा पॉइंटर) लिहावं लागलं.