पार्श्वभूमी : फुजीच्या निमित्ताने दिसलेले कामकरी

जपानी ठसाचित्रांचा, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांचा, बाजार चालायचा तो काबुकी नाटकांचे नट आणि गणिका यांच्यावर. घाम गाळणारा माणूस त्यात शिरला, पण बहुधा दुसऱ्या कुणाचं बोट धरून.

कामकऱ्यांना चितारण्याची परंपरा तशी जुनी. इ.स. १५००च्या सुमारास ७१ जोड्यांची, म्हणजे १४२ व्यवसायांची एक काल्पनिक काव्यस्पर्धा चितारली गेली. कविता अर्थात उच्चभ्रूंच्या, नुसत्या कारागिरांच्या तोंडी घातलेल्या. पुढे १६८५ मध्ये चित्रकार हिशिकावा मोरोनोबू याने निरनिराळ्या धंद्यांतली माणसं छापील चित्रपुस्तकात आणली.

खरा बदल झाला तो १८३०च्या दशकात, निसर्गचित्रं आणि प्रवासचित्रं खपू लागली तेव्हा. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरच्या, चित्रकार हिरोशिगेच्या मालिकेत हमाल आणि भोई जागोजागी भेटतात. शोनो या मुक्कामाच्या चित्रात तर भर पावसात डोली घेऊन भोई चढावर धावताहेत. याच रस्त्यावरच्या ओइ नदीवर पूल बांधायला शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची, मनाई होती, त्यामुळे प्रवाशांना खांद्यावर बसवून पलीकडे नेणं हाच तिथल्या मजुरांचा धंदा. तोही या मालिकेत आहे.

चित्रकार होकुसाई मात्र याच्या पुढे गेला. त्याच्या फुजी पर्वताच्या ‘छत्तीस’ दृश्यांतलं (प्रत्यक्षात चित्रं ४६) ओवारी प्रांताचं चित्र पाहा. बूड नसलेल्या अवाढव्य पिंपात एक कारागीर वाकून आतली बाजू तासतोय. त्या गोलातून, शेतांपलीकडे, इवलासा फुजी. विकायला फुजी होता, पण डोळा खिळतो तो तासणाऱ्यावर! तोतोमी प्रांताच्या चित्रात तिरकस उभ्या केलेल्या प्रचंड ओंडक्यावर एक करवत्या चढलाय, दुसरा खालून कापतोय, तिसरा करवतीला धार लावतोय. पाठीवर पोर बांधलेली एक बाईही तिथे आहे. एवढ्या बारकाव्याने काम बघणारा माझ्या मते या परंपरेत दुसरा नाही. याच मालिकेतल्या जगप्रसिद्ध लाटेच्या चित्रात, लाटेखालच्या होड्यांतही वल्हेकरीच आहेत. एदोच्या बाजारात ताजी मासळी पोचवणाऱ्या होड्या त्या.

खुद्द ठसे कोरणारे आणि छापणारे? त्यांची नावं चित्रावर क्वचितच येत. मान चित्रकाराचा आणि प्रकाशकाचा. १८५७ मध्ये चित्रकार कुनिसादाने छापखान्याचं काम चितारलं, पण तिथेही पुरुष कारागिरांच्या जागी नटूनथटून बसलेल्या सुंदर बायका दाखवल्या. खपायला तेच हवं होतं.